वंदनाच्या हातचा चिखल

परवा नागपूरच्या एका कॉलेजातून मुलीचा फोन आला. चित्रकला शिकणारी होती. आमच्या भंडाऱ्यातून निघणाऱ्या ‘चिखल’ नावाच्या मासिकावर ती काही लिहीत होती आणि तिला वंदनाबद्दल माहिती हवी होती. “सर, तुम्ही त्यांच्यासोबत एकाच टेबलावर काम करायचात ना?” तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, टेबल माझं होतं. ती हसली. तिला तो विनोद वाटला. मग वंदनाचे रंग, वंदनाची अक्षरं, वंदनाचा विचार, असं एकेक विचारून तिनं माझे आभार मानले आणि फोन ठेवला. माझ्याबद्दल अवाक्षर विचारलं नाही.

तिला मी जे सांगितलं ते सगळं सभ्यपणाचं होतं. खरं काय ते इथं सांगतो. मी त्या बाईवर फार जळलो. रोज नेमानं, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत जळलो, आणि सुटीच्या दिवशी घरी बसून जळलो. माझी बायको सुनीता शेवटी वैतागून म्हणाली होती, “तुमी घरी आल्यापासून तिचंच नाव घेऊन राहिले. कोणी ऐकलं तं काही अलगच समजन.” मी तिला म्हटलं, अगं, तसं काही असतं तर सोपं गेलं असतं.

आमचं दुकान छपाईचं. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं आणि आता मुख्यत्वे वाढदिवसाचे बॅनर. मालक दिवाकरभाऊ. पाटी गोंदिया जिल्हा वेगळा व्हायच्या आधीची आहे. तिच्यावर अजून ‘लवकरच शाखा : गोंदिया, जि. भंडारा’ असं लिहिलेलं आहे. गोंदियाचा वेगळा जिल्हा झाला, त्याला कितीतरी वर्षं उलटली, शाखा काही निघाली नाही, पण पाटी बदलायचं नाव काढलं की दिवाकरभाऊंच्या चेहऱ्यावर घरातलं कोणी गेल्यासारखा भाव येतो. या दुकानात मी डिझायनर. आमच्या घरचा धंदा हातमागाचा, पण मी नागपूरला जाऊन चित्रकलेचा रीतसर कोर्स केला आणि परत आलो. ‘परातेचं काम साफ असते’ असं गावात म्हणत. माझी पत्रिका हातात घेतली की एक रेघ वाकडी सापडायची नाही.

मग वंदना दुकानात कामाला आली. कारध्याहून, वैनगंगेचा पूल ओलांडून, स्कूटीवर, तोंडाला डाकूसारखी ओढणी गुंडाळून. उंच, रुंद खांद्यांची, आवाज असा की समोरच्या कापड दुकानातला माणूस वळून बघे. आली ती सरळ माझ्या टेबलाशी, माझी खुर्ची ओढून बसली आणि पडद्यावरची पत्रिका बघून म्हणाली, “परातेभाऊ, हे झोपलं आहे जी.”

कोण झोपलं? पान झोपलं. वंदनाच्या जगात पानांच्या दोनच जाती होत्या, जागी आणि झोपलेली. चांगलं, वाईट, सुंदर, भडक, असले शब्द तिच्याकडे नव्हते. पान झोपलं असेल तर ती त्याला उठवायला बसे, आणि ते उठेपर्यंत टेबलाचा, माझा आणि दुकानाचा उकिरडा करून ठेवी. पेन केसात खोचलेलं असे आणि ती तेच दुकानभर शोधत फिरे. मग माझं पेन घेई. माझी पट्टी घेई, माझा चहा घेई. कुडत्याच्या खिशात कायम मुरमुरे असत, ते ती काम करता करता तोंडात टाकी, त्यातले निम्मे कीबोर्डात जात. एकदा ‘ळ’ उमटेना म्हणून कीबोर्ड उलटा करून झटकला तर संध्याकाळच्या भेळेचं सामान निघालं. मी रागानं पाहिलं. ती म्हणाली, “ठेवा न बाजूले, खाऊ.” माफी मागणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिला वाटे, माणसं रागावतात आणि थोड्या वेळानं थंड होतात, त्यात आपण काय मधे पडायचं.

आणि तिला गाता येत नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं सगळा गावबोभाटा तिच्या संगीताच्या समजेचाच झाला. मी आमच्या भजनी मंडळात लहानपणापासून ढोलक वाजवतो. मला ताल कळतो, सम कळते. वंदना जन-गण-मन म्हणताना सुद्धा शेजारच्याला चुकवायची. तरी पण.

एका दुपारी कॉलेजातली चार-पाच पोरंपोरी दुकानात शिरली. पुढारी होता निखिल, लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीचा, काळा कुळकुळीत, काटकुळा, कानात एक बाळी. गाताना तो स्वतःला ‘बोडी’ म्हणवी. बोडी म्हणजे आमच्या भागात धानाच्या शेताजवळचं छोटं तळं. बाकीच्यांचीही अशीच नावं. दिवाकरभाऊंना वाटलं बॅनर पाहिजे असेल. तर नाही, त्यांना मासिक काढायचं होतं.

“कशाचं?”

“ग्राइमचं जी.”

दिवाकरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. मग निखिलनं समजावलं की लंडनला गरीब वस्त्यांतली पोरं एक गाणं गातात. गातात म्हणजे धावत्या ठोक्यावर बोलतात, श्वास पुरत नाही इतक्या घाईनं, दातओठ खाऊन. ग्राइम म्हणजे मळ, घाण. ती पोरं आपल्या वस्तीच्या घाणीचं बोलतात, ही आपल्या बोलीत आपल्या गावचं बोलणार. आणि अशी पोरं सिहोऱ्यापासून दिघोरीपर्यंत सगळीकडे आहेत, फक्त एकमेकांना माहीत नाहीत.

“मंग फोनवर टाका न बापा. कागद कायले?” दिवाकरभाऊ म्हणाले.

“फोनवर लोक अर्ध्यातच सरकवून देते जी,” निखिल म्हणाला. “कागद हातात असला तं थांबते माणूस.”

मला तो पोरगा त्या क्षणी आवडला. दिवाकरभाऊंनाही आवडला असावा, कारण लग्नपत्रिकांचा उरलेला कागद त्यांनी देऊ केला. नाव काय ठेवायचं यावर पोरं भांडू लागली. मी म्हटलं, मळ, घाण कशाला, आपल्याकडे धानाच्या रोवणीच्या दिवसात सगळेच गुडघाभर चिखलात असतात, ‘चिखल’ म्हणा. पोरांनी टाळ्या पिटल्या. हे नाव माझं आहे. कॉलेजच्या त्या मुलीनं फोनवर मला सांगितलं, “नाव तर वंदना मॅडमनी काय अप्रतिम दिलंय ना!” आता सांगून कोणाला खरं वाटणार आहे?

काम दिवाकरभाऊंनी मला दिलं. मला किती आनंद झाला हे सांगायला हवं, नाहीतर पुढचा जळफळाट कळणार नाही. मी केलेल्या पत्रिका लग्न लागलं की कचऱ्यात जात. मी केलेले बॅनर वाढदिवस उलटला की कुणाच्या गोठ्यावर अंथरले जात. माझं सगळ्यात चांगलं काम आजही एका म्हशीच्या डोक्यावर आहे. मासिक मात्र लोक ठेवतात. त्याच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात ‘मांडणी’ असं छापतात आणि पुढं नाव असतं. ती एक ओळ मला हवी होती. दुसरं काही नको होतं.

मी जीव ओतून नमुना अंक तयार केला. कडेला नाजूक किनार. गाण्यांचे शब्द दोन सारख्या रकान्यांत, दोन्ही बाजू सरळ. मुखपृष्ठावर निखिलचा फोटो, मागं मावळता सूर्य. पोरं आली, टेबलाभोवती उभी राहिली.

“हा कोण होय जी?” निखिलनं विचारलं.

“तूच आहेस.”

“मी असा नाही दिसत.” त्यानं पान उजेडात धरलं. “माही मायही नाही ओळखनार.”

मी पाहिलं. खरंच, माझ्या हातानं सवयीनं आपलं काम केलं होतं. आमच्या धंद्यात फोटो आला की पहिल्यांदा चेहरा उजळायचा असतो, गिऱ्हाईकानं सांगायची गरज नसते. भंडाऱ्याच्या चौकात लागलेल्या बॅनरांवर आजवर एकही सावळा माणूस मोठा झालेला नाही. मी निखिलला गोरापान करून टाकला होता, वर गालांवर जरा गुलाबी झाक दिली होती. आणि त्याचं एक गाणं तर काळ्या रंगावरच होतं.

“आणि हे तं निमंत्रकांची यादी वाटून राहिली,” एक पोरगी रकान्यांवर बोट ठेवून म्हणाली.

मागून हसण्याचा आवाज आला. वंदना स्टुलावर बसून मुरमुरे खात होती. अख्खं दुकान हादरवणारं हसू. मग ती उठली, माझा नमुना उचलून तिनं एकदा पाहिला, आणि मला कधी नव्हे ते वाटलं की आता तरी काही बोलू नये हिनं. “फोटो मूळचा कोठी आहे?” तिनं विचारलं. बस्स. तिथून काम तिचं झालं. कोणी मला नाही म्हटलं नाही, कोणी तिला हो म्हटलं नाही. पोरं नुसती माझ्या बाजूनं उठून तिच्या बाजूला गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती ‘वंदूताई’ झाली. मी ‘सर’ होतो, सरच राहिलो.

तिनं काय केलं ते सांगतो. आधी शब्द. निखिलला समोर बसवून म्हणाली, “म्हण.” त्यानं म्हटलं. “पुन्हा म्हण.” पुन्हा. ऑक्टोबरचा उकाडा, सगळे घामानं निथळलेले, आणि पंखा हिनं बंद करून ठेवलेला. कारण पुढ्यात गाण्याचा कागद होता, आणि निखिलचा श्वास जिथं तुटे तिथं ती त्या शब्दापुढे एक मुरमुरा ठेवी. पंख्यानं मुरमुरे उडाले असते. तेवढ्यात दिवाकरभाऊ बाहेरून आले, “काय उबून राहिले रे!” म्हणत त्यांनी बटण दाबलं. मुरमुरे दुकानभर. “भाऊ!” ही ओरडली, “पोट्ट्याचा अख्खा दम उडवून देला न तुमी!” मालकावर ओरडली. आणि मालकांनी मुकाट्यानं पंखा बंद केला, वर खाली वाकून चार मुरमुरे वेचून दिले. मी एवढ्या वर्षांत त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता.

जिथं मुरमुरा, तिथं तिनं ओळ तोडली. शब्द अर्धवट लोंबला तरी बेहत्तर. एक ओळ पानभर लांब, पुढची दोन शब्दांची. असं:

पाय चिखलात डोकं उन्हात
बोडी आटली मासा मनात
शाळेत शिकलो नकाशा जगाचा
त्यात दिघोरी
दिसेच ना

उजवीकडची कड उंदरानं कुरतडल्यासारखी. मी म्हटलं, वंदना, हे बरं दिसत नाही. ती म्हणाली, “दिसायचं नाहीच आहे जी, दम लागला पायजे.” मी घरी जाऊन चोरून तसंच करून पाहिलं. पेपरातल्या एका बातमीवर मुरमुरे ठेवत बसलो. सुनीतानं दोनदा येऊन पाहिलं आणि मुरमुऱ्यांचा डबा वर ठेवून दिला.

मग मुखपृष्ठ. ‘चिखल’ ही अक्षरं तिनं दुकानामागच्या भिंतीवर खऱ्याखुऱ्या चिखलानं, हाताच्या पंज्यानं काढली. ती वाळू दिली, त्यांना तडे जाऊ दिले आणि मग फोटो घेतला. (भिंत धुवायचं काम दिवाकरभाऊंनी मला सांगितलं.) खाली निखिलचा चेहरा, पानभर, कपाळ वर कापलेलं, मागं काही नाही. न हसणारा. जसा आहे तसा काळा, उलट शाई आणखी भरलेली. खरं बोलायचं तर ते मी पुन्हा पुन्हा उचलून पाहिलं. इतकं चांगलं होतं ते. माझं का नाही, असं वाटून मी त्या दिवशी जेवलो नाही.

पण एक गोष्ट मला कळत होती आणि तिला नाही. आमचा उरलेला कागद गुळगुळीत पत्रिकेचा होता, त्यावर इतकी शाई लवकर वाळत नाही. मी तिला सांगितलं, दोन-चार दिवस पसरून ठेव. तिला घाई. दिघोरीच्या मंडईत अंक वाटायचा ठरलेला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार आणि दंडार हा नाच-गाण्याचा खेळ, पाहुणेरावळे, पोरीबाळी माहेरी आलेल्या. “वाळते जी रस्त्यानं,” म्हणून तिनं गठ्ठे बांधले.

मीही गेलो दिघोरीला. का गेलो? फजिती बघायला गेलो. आणि झालीही. अंक हातात घेतला की बोटं काळी. ज्यानं घाम पुसला त्याचं कपाळ काळं. एका मावशीच्या नव्या लुगड्याला डाग, एका पोराचं नाक काळं, जिलेबीवाल्याच्या परातीवर ठसे. मी मनात म्हटलं, आता बोंबला. आणि तेवढ्यात एक पोरगा दोन्ही हात वर करून ओरडला, “अबे, चिखल लागला हाताले! खरोखर लागला!” झालं. पोरं मुद्दाम हात घासू लागली, एकमेकांच्या तोंडाला फासू लागली. गावच्या शिक्षकांनी वंदनाला गाठून म्हटलं, “काय कल्पना आहे मॅडम! वाचकाचा हात कोरा राहू नये!” मला वाटलं, आता तरी ही सांगेल की शाई ओली होती. तिनं फक्त खिशातून मुरमुरे काढून त्यांच्यापुढे धरले. माझी चूक असती तर पगारातून कागदाचे पैसे कापले गेले असते. तिची चूक झाली तर लोकांनी त्या चुकीलाच कल्पना म्हटलं.

त्याच मंडईत निखिलची आई भेटली. चौथीपर्यंत शिकलेली, रोवणीला जाणारी. तिनं मुखपृष्ठ दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, “हा पाहा, आपला निखिल!” तेवढ्यावरच मी गार झालो होतो. मग तिनं आत उघडलं, बोट ठेवून वाचू लागली. पोराचं गाणं तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. घरी तो म्हणायला लाजे. तिचं वाचन शाळकरी, अडखळतं. पहिली ओळ संपली, तिनं दम घेतला. दुसरी संपली, दम घेतला. आणि तिसऱ्या ओळीपासून तिच्या नकळत तो ठोका तिच्या आवाजात शिरला. बाई धावू लागली. ‘त्यात दिघोरी’ म्हणून थांबली, ‘दिसेच ना’ म्हणताना तिचा आवाज अचूक तिथं पडला जिथं निखिलचा पडतो. बाजूला दंडारवाल्याचं ढोलकं होतं, कोणीतरी त्यावर तोच ठोका धरला. निखिल माझ्याजवळच उभा होता, त्याचे ओठ हलत होते आणि डोळे भरून आले होते.

तालातलं मला कळतं, म्हणून सांगतो. त्या पानात ताल होता. जिला सूर लागत नव्हता तिनं तो कागदावर बसवला होता, आणि ढोलक वाजवून ज्याच्या हाताला घट्टे पडले त्याला ते सुचलं नव्हतं. वंदना मात्र आईकडे बघतच नव्हती. ती त्या पानाकडे बघत होती, जरा तिरकी मान करून, आणि स्वतःशी म्हणाली, “जागं आहे.”

आतल्या पानावर बारीक अक्षरात होतं, ‘मांडणी : वंदना’. 

पुढं अंकामागून अंक निघाले. पोरं वाढली, गोंदियाकडूनही पत्रं येऊ लागली. ती दर अंकात काहीतरी नवीन करी आणि मी दर अंकात एक नवीन दोष काढी. ती माझे दोष लक्ष देऊन ऐके, हे विशेष. “हे बरोबर बोलले परातेभाऊ,” असं म्हणून दुरुस्तही करी. त्यानं तर आणखीच जळायला व्हायचं. एखाद्यानं आपला राग तरी करावा. माझ्या पायरीवर उतरून भांडावं. ती नाही उतरली.

मग तिला पुण्याहून बोलावणं आलं. तिकडं मुलांची पुस्तकं काढणाऱ्या कोणाच्या तरी हातात ‘चिखल’चा अंक पडला होता, हातही काळे झाले असतील. दिवाकरभाऊंनी डोळे पुसले. मी पेढे आणले. मनापासून आणले. ती पेढा तोंडात टाकून म्हणाली, “आता पोट्ट्यांकडं तुमीच पाहा. पानाले झोपू देऊ नोका.” आणि जाताना माझं पेन केसात खोचून घेऊन गेली.

टेबल पुन्हा माझं झालं, मासिकही. मी पुढचा अंक केला. मुरमुरे ठेवून केला, हे कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. पद्धत चांगली होती. पोरांना अंक आवडला. “वंदूताईनं पाठवला का जी पुण्यावरून?” असं दोघातिघांनी विचारलं, म्हणजे अगदीच आवडला. अंक छापून आला, मी घाईघाईनं आतलं पान उघडलं. इतकी वर्षं वाट पाहिलेली ती ओळ. निखिलनं मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं, ‘मांडणी : पराते सर (वंदूताईच्या पद्धतीनं)’.

त्या कंसानं मला जे जाळलं तेवढं तिनं समोर बसून दोन वर्षांत जाळलं नव्हतं.

मी मुरमुरे बंद केले. पुढच्या अंकात निखिल आणि सिहोऱ्याची प्राची यांचा सामना होता. या गाण्यात तशी रीत आहे, दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांना बोल लावतात, एक थांबला की दुसरा तुटून पडतो. हे पानावर कसं मांडायचं? डावीकडे तो, उजवीकडे ती, असं केलं तर पुन्हा वरपक्ष-वधूपक्ष. मी दिवस दिवस बसून राहिलो. एकदा घरी माळ्यावरून जुन्या मागाचं सामान काढताना आठवलं, मागावर नवे धागे जोडायचे असले की माझे बाबा एका बाजूनं आणि काका दुसऱ्या बाजूनं बसत, मधे ताणलेले धागे. दोघांची तोंडं एकमेकांकडे. जोडता जोडता चेष्टा, शिव्या, घरातली भांडणं, सगळं त्या धाग्यांवरून चाले.

मी पान तसंच केलं. निखिलच्या ओळी सुलट छापल्या, प्राचीच्या उलट्या, एकाआड एक. एकट्यानं वाचायला घेतलं तर निम्म्या ओळी डोक्यावर उभ्या. मासिक मधे ठेवून दोघं समोरासमोर बसले तरच वाचता येईल. त्याची ओळ त्याच्याकडे तोंड करून, तिची तिच्याकडे. दिवाकरभाऊंनी पाहून विचारलं, “मशीनमधून उलटं निघालं का बे?” पण अंक गेला आणि पंधरवड्यात पोरांचे फोटो येऊ लागले, कोणी पारावर, कोणी एसटीत, कोणी बोडीच्या काठावर, दोघं दोघं, मधे उघडं मासिक, तोंडं उघडी. कोणी वंदूताईचं नाव काढलं नाही. पुढच्या अंकापासून निखिलनं तो कंस छापला नाही.

तरीही मन भरेना. का ते मला नंतर कळलं.

दिवाळीला वंदना कारध्याला आईकडे आल्याचं ऐकलं. मी भेटायला गेलो नाही. आपण कशाला जायचं? पण अंक पिशवीत टाकून ठेवला, आणि ती परत जाईपर्यंत रोज ती पिशवी घेऊन फिरलो. शेवटी भंडाऱ्याच्या बस स्टँडवर गाठ पडली. मी बॅनरची गुंडाळी कंडक्टरकडे द्यायला गेलो होतो, ती नागपूरच्या बसमध्ये खिडकीशी बसलेली. केस कापलेले, चष्मा लागलेला, आवाज तोच. “परातेभाऊ! वर या न!”

मी चढलो. इकडचं तिकडचं झालं. तिनं पुण्याचं सांगितलं, तिकडं सगळं पडद्यावरच पास होतं, कागद हाताला लागत नाही म्हणाली. मग मी, जणू आत्ताच आठवलं अशा थाटात, अंक काढून दिला. ती पानं उलटू लागली. “हं... हं...” करत. माझी नजर रस्त्यावर, जीव तिच्या बोटांत. ती त्या पानाशी आली आणि थांबली. एक ओळ वाचली, मासिक फिरवलं, दुसरी वाचली. पुन्हा फिरवलं. मग तिनं शेजारच्या अनोळखी बाईला विचारलं, “माय, वाचता येते का तुमाले? जरा असं समोर धरा.” ती बाई बिचारी वळून बसली. वंदनानं तिची ओळ वाचली, बाईनं आपली. वंदना बेसूर, बाई गोंधळलेली, आणि तरी ते भांडण बसमध्ये नीट लागलं. पुढचे दोघेतिघे वळून पाहू लागले.

वंदना मधेच थांबली. “हे कोणी केलं?”

“मी.”

“तुमी?”

“मीच.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत मैत्री नव्हती. कौतुकही नव्हतं. तिचा चेहरा कसनुसा झाला होता, ओठ दाबलेले. “कागद पातळ वापरला तुमी,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “मागची शाई दिसून राहिली इकडून.” कागदाला कोणी कधी नावं ठेवतं ते मला ठाऊक आहे. मग ती एकदम चिडून म्हणाली, “मले काहून नाही सुचलं जी हे?”

ते पान मी पोरांसाठी केलंच नव्हतं. हिनं हे वाक्य म्हणावं यासाठी केलं होतं. त्या घडीला मला नाचावंसं वाटलं आणि त्याच घडीला तिनं खाली उतरावं, परत यावं, माझ्या खुर्चीत बसून माझ्या कामाला नावं ठेवावी, असंही वाटलं. दोन्ही खरं होतं. मी फक्त म्हणालो, “येजो मंग मंडईले.”

कंडक्टरनं घंटी मारली. मी उतरलो, खिडकीखाली उभा राहिलो, आणि बस हलली तसा हात हलवू लागलो. तिनं वर पाहिलं नाही. मांडीवर मासिक होतं. ती ते एकदा आपल्याकडे, एकदा खिडकीकडे, पुन्हा आपल्याकडे फिरवत होती, कपाळाला आठ्या घालून. मी हात हलवतच होतो. बस स्टँडच्या फाटकातून नागपूरच्या रस्त्याला वळली, तरी तिची मान खालीच होती.